लेझर प्रोजेक्टर घेताय? आधी खिडकीचा पडदा ओढून पाहा

घरचा जुना प्रोजेक्टर फिका पडला की नव्या लेझर प्रोजेक्टरच्या जाहिराती खुणावू लागतात. पण लाख-दीड लाख रुपये मोजण्यापूर्वी दोष नेमका कशात आहे, हे तपासून पाहणेच शहाणपणाचे.

रविवारची दुपार. जेवणे आटोपून सारे घर दिवाणखान्यात जमलेले. क्रिकेटचा सामना अगदी रंगात आलेला. पण समोरच्या शंभर इंची पडद्यावर चेंडू कुठे गेला, हेच कुणाला दिसत नाही. हिरवे मैदान पिवळट, खेळाडूंचे चेहरे धुऊन काढल्यासारखे. ‘‘दिवा गेला याचा. आता लेझरच घेऊन टाकू या,’’ घरातला कर्ता पुरुष जाहीर करतो. मुले टाळ्या पिटतात. गृहिणीच्या मनात मात्र वेगळाच हिशेब सुरू होतो. मुलीची बारावीनंतरची प्रवेश फी, स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचे काम, दिवाळीचा खर्च. आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आजी म्हणते, ‘‘अरे, आधी ती खिडकी तरी लाव!’’

थोड्याफार फरकाने हे दृश्य हल्ली अनेक घरांत दिसते. सात-आठ वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला दिव्याचा प्रोजेक्टर आता थकला आहे आणि बाजारात लेझर प्रोजेक्टरची रांग लागली आहे. लेझर चांगला आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, आपल्या घरातला नेमका दोष तो दूर करणार आहे का? आजीचा सल्ला साधा वाटतो, पण हिशेब मांडला तर तो किती अचूक आहे, हे लक्षात येते.

प्रोजेक्टर काळोख फेकू शकत नाही

टीव्ही आणि प्रोजेक्टर यांच्यात एक मूलभूत फरक आहे. टीव्हीचा पडदा मुळात काळसर असतो आणि तो स्वतः उजळतो. प्रोजेक्टरचा पडदा पांढरा असतो आणि त्यावर बाहेरून प्रकाश पडतो. प्रोजेक्टर पांढरा, लाल, हिरवा, निळा असा हवा तो प्रकाश फेकू शकतो, पण काळा प्रकाश कुठून फेकणार? चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याचा तो भाग, जिथे प्रोजेक्टरने प्रकाश पाठवलेलाच नाही. मग तिथे काय दिसते? खोलीत जेवढा उजेड असेल तेवढा पांढरा पडदा! खिडकी उघडी असेल तर नायिकेचे काळेभोर केस राखाडी दिसतात, ते यामुळेच.

हे आकड्यांत पाहू. शंभर इंची रुंद पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेतीन चौरस मीटर असते. २००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर पूर्ण पांढरा प्रकाश टाकतो तेव्हा दर चौरस मीटरवर सुमारे ७२५ ल्युमेन, म्हणजे ७२५ लक्स प्रकाश पडतो. आता समजा, दुपारी उघड्या खिडकीतून पडद्यावर ३०० लक्स उजेड येतो आहे. मग चित्रातला काळा भाग ३०० चा आणि पांढरा भाग ७२५ अधिक ३००, म्हणजे १०२५ चा झाला. पांढरा हा काळ्याच्या जेमतेम साडेतीन पट! चित्र धुतल्यासारखे दिसणार नाही तर काय?

आता लाखभर रुपये खर्चून दुप्पट ताकदीचा, ४००० ल्युमेनचा लेझर प्रोजेक्टर आणला आणि खिडकी तशीच उघडी ठेवली, तर हे प्रमाण साडेतीनवरून सहापटीच्या आसपास जाते. सुधारणा झाली, पण लाखाची नव्हे.

उलट प्रोजेक्टर जुनाच ठेवला आणि खिडकीला जाड, अपारदर्शक पडदा लावून उजेड १० लक्सवर आणला तर? प्रमाण थेट ७३ पटींवर जाते. एवढेच नव्हे, जुना दिवा थकून २००० चे १००० ल्युमेनच उरले असतील, तरी बंद खिडकीत तेच प्रमाण ३७ पट राहते. म्हणजे निम्मा विझलेला जुना प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत जे चित्र दाखवतो, ते उजेडातल्या नव्या कोऱ्या लेझरपेक्षा सहापट ठसठशीत असते. काही हजारांचा पडदा लाखाच्या यंत्राला हरवतो, तो असा.

सिनेमागृहात किती प्रकाश असतो?

अनेकांना वाटते की, सिनेमागृहाचा पडदा फारच प्रखर असतो. खरी गोष्ट उलट आहे. डिजिटल सिनेमागृहांसाठी ठरलेले प्रमाण दर चौरस मीटरला ४८ कँडेला एवढेच आहे. घरातला टीव्ही सहज याच्या कितीतरी पट प्रखर असतो. तरीही सिनेमागृहातले चित्र डोळ्यांत भरते, कारण तिथे अंधार असतो. शंभर इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढीच प्रखरता आणायला अंधाऱ्या खोलीत सुमारे ४२० ल्युमेन पुरतात. पडदा १२० इंचांचा केला तर ६०० च्या आसपास लागतात.

अर्थात, प्रोजेक्टरच्या खोक्यावरचा आकडा हा सर्वांत भडक ‘मोड’मधला असतो. त्या मोडमध्ये चित्रावर बऱ्याचदा हिरवट झाक येते. रंग नैसर्गिक दिसणाऱ्या ‘सिनेमा मोड’मध्ये प्रकाश त्याहून बराच कमी मिळतो. म्हणून थोडी शिल्लक हाताशी हवी. पण रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्या घराला तीन-चार हजार ल्युमेनची गरज नसते, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट. खिडकी बंद केली तरी खोली स्वतःच उजेड करते. पडद्यावरचा प्रकाश पांढऱ्या भिंतींवर आणि छतावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळा रंग फिका करतो. आपल्याकडचे फ्लॅट बहुधा चकचकीत पांढरे असतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आणि वरचे छत निदान तीन-चार फुटांपर्यंत गडद, बिनचमकीच्या रंगाने रंगवले, तर प्रसंगांमधली खोली लगेच जाणवते. रंगकामाला मन धजत नसेल तर बाजूला गडद रंगाचे जाड पडदे लावले तरी काम भागते.

दिव्याची गोष्ट

भिंतीवर चित्र पाडण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाने रंगीत काचचित्रांचे खेळ केले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. तेव्हापासून चित्रे बदलली, यंत्रे बदलली, पण अडचण एकच राहिली: पुरेसा, स्थिर आणि टिकाऊ प्रकाश आणायचा कुठून? सिनेमागृहांनी त्यासाठी आधी कार्बनच्या कांड्या जाळल्या, मग झेनॉनचे दिवे लावले.

घरगुती प्रोजेक्टरमध्ये गेली अनेक वर्षे पाऱ्याच्या वाफेचा, प्रचंड दाबाखाली पेटणारा छोटा दिवा वापरला जात होता. याच्यातला प्रकाशबिंदू जेमतेम मिलिमीटरभराचा असतो, म्हणूनच तो लेन्समधून नीट एकवटता येतो. पण त्याचे आयुष्य मर्यादित. साधारणपणे २००० ते ५००० तासांत त्याचा प्रकाश निम्म्यावर येतो. त्यातही सुरुवातीच्या काही शे तासांतच तो झपाट्याने उतरतो. ‘घेतला तेव्हा काय चित्र होते!’ ही तक्रार त्यामुळे अगदी खरी असते.

लेझरचा शोध तसा जुना. अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी १९६० साली पहिला लेझर पेटवला. पण प्रोजेक्टरसाठी स्वस्त आणि ताकदवान निळा प्रकाश हवा होता आणि तो देणारा छोटासा अर्धवाहक तुकडा काही केल्या बनत नव्हता. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी आणि त्यानंतर काही वर्षांतच निळा लेझर बनवून दाखवला. निळ्या एलईडीसाठी त्यांना इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घराघरांतले एलईडी बल्ब आणि आजचे लेझर प्रोजेक्टर दोन्ही या निळ्या प्रकाशाची देणगी आहेत.

बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे लेझर प्रोजेक्टर मिळतात. पहिल्या प्रकारात निळा लेझर एका फिरत्या चकतीवरच्या फॉस्फरवर पडतो. त्यातून पिवळा प्रकाश निघतो आणि त्यातून लाल व हिरवा वेगळा काढला जातो. दुसऱ्या प्रकारात लाल, हिरवा आणि निळा असे तीन स्वतंत्र लेझर असतात. त्यांचे रंग अधिक शुद्ध आणि गडद असतात, पण किंमतही जास्त. शिवाय शुद्ध लेझर प्रकाशामुळे पडद्यावर, विशेषतः सपाट उजळ भागात, बारीक चमचमत्या कणांसारखी खरखर दिसू शकते. काहींना ती जाणवतही नाही, काहींना मात्र खटकते.

लेझर खरोखर काय देतो?

लेझरचा मोठा फायदा प्रखरपणात नसून सातत्यात आहे. बहुतेक कंपन्या २०,००० तासांनंतर प्रकाश निम्मा होईल असे सांगतात. काही ३०,००० तासांचा दावा करतात. रोज तीन तास पाहिले तर वर्षाला सुमारे १,१०० तास होतात. म्हणजे २०,००० तास अठरा वर्षांहून अधिक पुरतील. तेवढ्याच वापराने ४००० तासांचा दिवा साडेतीन-पावणेचार वर्षांत संपतो. लेझरचा प्रकाशही कमी होतो, पण इतका हळूहळू की, दरवर्षी चित्र फिके पडल्याची रुखरुख लागत नाही.

दुसरा फायदा रोजच्या सोयीचा. दिव्याच्या प्रोजेक्टरला पूर्ण उजळायला मिनिटभर लागते आणि बंद केल्यावर पंखा बराच वेळ फिरवून दिवा थंड करावा लागतो. मध्येच वीज गेली की पंखा थांबतो, तापलेला दिवा तसाच राहतो आणि वारंवार असे झाले की त्याचे आयुष्य घटते. वीज परत आली तरी दिवा निवेपर्यंत पुन्हा पेटत नाही. लेझर काही सेकंदांत सुरू होतो, लगेच बंद करता येतो आणि वरचेवर चालू-बंद केल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. जिथे वीज वारंवार जाते, त्या गावांत हा फायदा लहान नाही.

आता दुसरी बाजू. जुना दिवा संपला की तो बदलता येत असे. लेझरचा प्रकाशस्रोत बिघडला तर घरी बदलता येत नाही. सेवा केंद्रात सगळा प्रकाशसंचच बदलावा लागतो आणि तो खर्च नव्या प्रोजेक्टरच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. शिवाय अठरा वर्षे टिकणाऱ्या लेझरच्या आधी त्याचा पंखा, फिरती चकती किंवा आतले इलेक्ट्रॉनिक भाग थकण्याची शक्यता अधिक. म्हणून ‘वीस हजार तास’ या आकड्यावर भाळण्यापेक्षा वॉरंटी किती वर्षांची आणि किती तासांची, त्यांतले आधी संपेल ते धरणार का, आणि तुमच्या शहरात सेवा केंद्र आहे का, हे विचारा. परदेशातून कुणी स्वस्तात आणून दिलेल्या यंत्राला इथे बहुधा वॉरंटी मिळत नाही.

आकड्यांची भूल

दुकानात तीन शब्दांबाबत सावध राहा.

पहिला शब्द ल्युमेन. ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच आकड्याला अर्थ आहे, कारण हे पडद्यावर पडणारा प्रकाश मोजण्याचे ठरलेले मार्ग आहेत. नुसते ‘ल्युमेन’ किंवा ‘लाइट सोर्स ल्युमेन’ लिहून वीस-वीस हजारांचे आकडे छापलेले आठ-दहा हजार रुपयांचे प्रोजेक्टर सर्रास विकले जातात. प्रत्यक्षात त्यांचा प्रकाश जाहिरातीच्या पासंगालाही पुरत नाही.

दुसरा शब्द फोर-के. फुल एचडी चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. ‘फोर-के सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच की, यंत्र फोर-के चित्र स्वीकारते. ते पडद्यावर तसे दाखवतेच असे नाही. पडद्यावर खरोखर किती बिंदू पडतात, हे विचारा. घरगुती वापराच्या अनेक प्रोजेक्टरमध्ये सूक्ष्म आरशांची चिप असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली ती शोधून काढली. तिच्यातले आरसे फुल एचडीपुरते असले, तरी चित्र डोळ्याला कळणार नाही अशा वेगाने चार जागी सरकवून ८३ लाख बिंदू दाखवले जातात. ही फसवणूक नव्हे, चित्र खरोखर चांगले दिसते.

पण तुम्ही बसता किती अंतरावर? शंभर इंची पडद्यापासून तेरा फुटांवर बसणाऱ्या चांगल्या नजरेच्या माणसालाही फुल एचडीचे बिंदू वेगळे दिसत नाहीत. तिथून फोर-केचा फरक जवळपास कळणार नाही. दहा फुटांवर थोडा कळेल. त्यात डीटीएचवरच्या बहुतेक वाहिन्या एचडी किंवा त्याहूनही कमी दर्जाच्या असतात. फोर-केची खरी मजा ओटीटीच्या महागड्या योजनेत किंवा डिस्कवर आणि चांगला इंटरनेट वेग असेल तेव्हाच.

तिसरा शब्द एचडीआर. टीव्हीवर एचडीआर म्हणजे लखलखते सूर्यकिरण. प्रोजेक्टर मात्र घरच्या मोठ्या पडद्यावर टीव्हीइतकी प्रखरता गाठू शकत नाही. म्हणून तो तेजस्वी भाग दाबून, जुळवून घेतो. हे काम चांगले झाले तर चित्र सुंदर दिसते, नाही तर सारे अंधारे वाटते. याचा निवाडा खोक्यावर नव्हे, प्रत्यक्ष पाहूनच होतो.

पंखा, धूळ आणि पावसाळा

जाहिरातीतल्या खोलीत कधीच छताचा पंखा नसतो. आपल्या दिवाणखान्यात तो हमखास असतो, तोही मधोमध! शंभर इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो. साधारण १.२ ‘थ्रो’ असलेल्या प्रोजेक्टरला त्यासाठी पावणेनऊ फुटांचे अंतर लागते. एवढ्या अंतरावर छताला प्रोजेक्टर टांगला की प्रकाशझोताच्या वाटेत पंख्याची पाती येतात आणि पडद्यावर सावल्या नाचू लागतात. म्हणून खरेदीपूर्वी टेप घेऊन अंतर मोजा आणि झोताची वाट दोरी ताणून पाहा. प्रोजेक्टर तिरपा ठेवून चित्र ‘कीस्टोन’ने चौकोनी करता येते, पण त्यात काही बिंदू वाया जातात आणि चित्र मऊ होते. तो शेवटचा उपाय समजा.

पंख्याची अडचण टाळायला भिंतीलगत, टीव्हीच्या कपाटावर ठेवायचे ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’ लेझर प्रोजेक्टर मिळतात. ते जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटरवरून शंभर इंची चित्र पाडतात. पण त्यांचा प्रकाश खालून भिंतीला घासत जातो, त्यामुळे प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा सावली पाडतो. त्यांना अगदी सपाट, ताणलेला पडदा हवाच. वरून येणारा खोलीतला उजेड शोषून घेणारे खास पडदे या प्रोजेक्टरसाठी मिळतात. दिवसा पाहणाऱ्या घरात ते खरोखर उपयोगी ठरतात. मात्र त्यांची किंमत आधीच हिशेबात धरा, कारण प्रोजेक्टरच्या बिलात ती दिसत नाही.

दिल्ली-जयपूरकडची धूळ असो की कोकण-गोव्याकडची दमट हवा, दोन्ही प्रोजेक्टरच्या वैरी. ज्या यंत्रात हवेची जाळी असेल, ती सांगितलेल्या वेळी साफ करा. जाळी तुंबली की यंत्र तापते, पंखा घरघरतो आणि प्रकाशस्रोताचे आयुष्य घटते. पावसाळ्यात प्रोजेक्टर आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. लेन्सवर बुरशी चढू शकते. अधूनमधून तासभर चालवला तरी आतला ओलावा कमी होतो. विजेचा दाब वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. विजेच्या खर्चाची मात्र फार चिंता नको: २५० वॅटचा प्रोजेक्टर रोज तीन तास चालवला, तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात.

डोळे सर्वांचे सारखे नसतात

एक चिप असलेल्या काही प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवे, निळे चित्र एकामागोमाग एक दाखवले जाते. बहुतेकांना ते एकसंध दिसते, पण काहींना नजर फिरवताना कडांवर इंद्रधनुष्यासारखे रंग चमकलेले दिसतात आणि थोड्या वेळाने डोके दुखू लागते. तीन स्वतंत्र पॅनेल असलेल्या प्रोजेक्टरमध्ये हा त्रास नसतो. म्हणून दुकानात एकट्याने जाऊन यंत्र ठरवू नका. सारे कुटुंब घेऊन जा, किमान अर्धा तास बसा आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेला प्रसंग लावायला सांगा. आजीला आणि चष्मा लावणाऱ्या मुलीलाही विचारा.

लेझर या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पडद्यावरून परतणारा प्रकाश पसरलेला असतो आणि तो पाहणे सुरक्षित असते. धोका आहे तो लेन्समध्ये डोकावण्याचा. लहान मुलांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी समजावून सांगा. कपाटावर ठेवायच्या प्रोजेक्टरवर मूल ओणवे होऊ शकते; अशा अनेक यंत्रांत कुणी जवळ आले की प्रकाश आपोआप मंद करणारा संवेदक असतो. तो चालू आहे ना, हे पाहून घ्या.

बिलाबाहेरचा खर्च

चित्र लाखाचे आणि आवाज पत्र्याच्या डब्यातला, असे अनेक घरांत होते. प्रोजेक्टरच्या आत बसवलेले छोटे स्पीकर शंभर इंची चित्राला न्याय देत नाहीत. साधा पण बरा साउंडबार किंवा जुनी स्टीरिओ यंत्रणा जोडली तरी सिनेमाची गोडी दुपटीने वाढते. त्याचे पैसे वेगळे काढून ठेवा.

काही प्रोजेक्टरवरच्या अंगभूत अ‍ॅपमध्ये नेटफ्लिक्ससारख्या सेवा चालतच नाहीत किंवा कमी दर्जाचे चित्र देतात. दुकानातच लावून बघा. न चालल्यास एचडीएमआयला जोडायची स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी लागेल. छताचा स्टँड, लांब केबल, इलेक्ट्रिशियनची मजुरी आणि पडदा यांचाही आकडा आधीच लिहून काढा.

एक दिलासा मात्र आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एक लाख मूळ किमतीच्या यंत्राचे पूर्वी १,२८,००० होत, ते आता १,१८,००० होतात. तेव्हा जुन्या दरपत्रकावर सौदा करू नका.

आधी ही परीक्षा घ्या

नव्या प्रोजेक्टरचा निर्णय घेण्यापूर्वी एका रविवारी घरच्या घरी एवढे करून पाहा. जुन्या प्रोजेक्टरची जाळी साफ करा. लेन्स मऊ, कोरड्या कापडाने हलकेच पुसा. मेनूत जाऊन दिवा किती तास चालला आहे, ते पाहा. ‘इको मोड’ चुकून चालू राहिला आहे का, तेही बघा. मग खिडक्यांवर जाड चादरी अडकवून खोलीत पूर्ण अंधार करा आणि रात्रीचा एखादा प्रसंग लावा. यानंतर साधारण तीनपैकी एक उत्तर मिळते.

चित्र एकदम सुधारले, तर दोष खोलीचा आहे. जाड पडदे शिवून घ्या, भिंत रंगवा आणि उरलेले पैसे बँकेत राहू द्या.

अंधारातही चित्र मंद दिसते, दिव्याचे तास संपत आले आहेत, पण एरवी यंत्राबद्दल तक्रार नाही आणि आठवड्याला एखाद-दोन सिनेमेच पाहिले जातात, तर मूळ कंपनीचा नवा दिवा बसवा. स्वस्तातला नकली दिवा नको. तो लवकर विझतो, क्वचित फुटतोही.

रोज तीन-चार तास वापर आहे, वीज वारंवार जाते, जुन्या यंत्राचा दिवा मिळेनासा झाला आहे आणि खोली अंधारी करता येते, तर लेझर प्रोजेक्टर तुमच्यासाठीच आहे. बेलाशक घ्या. पण खोली अंधारी करणे शक्यच नसेल आणि दिवसभर बातम्या-मालिकाच चालत असतील, तर त्याच पैशांत मोठा टीव्ही अधिक समाधान देईल, हे मान्य करायला हरकत नाही.

आणि हो, काढलेला जुना दिवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. त्यात पारा असतो. ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो द्या. घरात दिवा फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या, थोड्या वेळाने हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे गोळा करा आणि जागा ओल्या कापडाने पुसून घ्या. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका.

पुन्हा त्या रविवारच्या घराकडे वळू. तिथे आजीचे ऐकून कुणी उठले, खिडकीचा पडदा ओढला, तर मैदान पुन्हा हिरवे होईल. लेझर घ्यायचा की नाही, हे त्यानंतर सगळ्यांनी मिळून ठरवावे. कदाचित पुढच्या दिवाळीत तो येईलही. पण तो येईल तेव्हा जाहिरातीच्या झगमगाटाने नव्हे, गरज ओळखून येईल. आणि मुलीच्या प्रवेशाची फी तोवर भरून झालेली असेल.